हिरवळ आणि तिच्याखालची माती

इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांच्या पुढे किंवा मागे हिरवळीचा लहानसा तुकडा असतो. हिवाळ्यात तो पावसाने ओलाचिंब होतो. गवताची वाढ खुंटते, सावलीच्या जागी शेवाळ माजते आणि मधून मधून उघडी जमीन दिसू लागते. मार्च महिन्यात ऊन जरा उबदार झाले, की घरोघरी दंताळी, खराटे आणि गवत कापण्याची यंत्रे बाहेर निघतात. वसंताच्या स्वागताची ही धांदल पाहून मन प्रसन्न होते. परंतु या धांदलीत एका गोष्टीचा अनेकांना विसर पडतो. हिरवळ ही असंख्य जिवंत रोपांची वस्ती आहे आणि त्या वस्तीचा सारा आधार खालच्या मातीवर आहे. म्हणून हिरवळीची तयारी म्हणजे मुख्यतः मातीची तयारी होय.

पूर्वी हिरवळ राखणे हे श्रीमंतांचे काम होते. लांब दांड्याच्या विळ्याने गवत सारखे कापण्यास कुशल मजूर लागत. १८३० साली स्ट्राउडजवळ राहणाऱ्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र तयार केले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे अशी यंत्रे सामान्य माणसाच्या घरीही आली. त्यामुळे श्रम वाचले, हे खरे. पण हिरवळही कातरलेल्या कापडासारखी एकसारखी दिसावी, असा हट्ट वाढीस लागला.

या हट्टापायी माणसे घाई करतात. माती ओली असतानाच तिच्यावर चालतात, यंत्र फिरवतात. त्यामुळे मातीचे कण दाबले जातात, त्यांच्यामधील हवा नाहीशी होते आणि मुळांना श्वास घेता येत नाही. जाणता माळी असे करीत नाही. जमीन थोडी सुकेपर्यंत तो थांबतो. मग दंताळ्याने वाळलेले गवत हलक्या हाताने ओढून काढतो. पहिली कापणी तो उंचावरून करतो. पात्याच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग छाटत नाही. कारण पाते हेच गवताचे अन्न तयार करण्याचे साधन असते. उघड्या जागी तो एप्रिलमध्ये बी पेरतो. जमिनीला खोल भोके पाडण्याचे मोठे काम मात्र तो शरद ऋतूसाठी राखून ठेवतो.

माळ्याहूनही मोठा मशागत करणारा मातीतच राहतो. तो म्हणजे गांडूळ. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने डिसेंबर १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले. १८७१ च्या नोव्हेंबरात तेथे चर खणला, तेव्हा ते तुकडे सुमारे सात इंच खोल गेलेले आढळले. या एकोणतीस वर्षांत गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली होती. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विनने असे नमूद केले, की इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते. असे असताना, मातीच्या चार गोळ्यांनी हिरवळ विद्रूप दिसते म्हणून विष घालून गांडुळे मारण्याची रीत विसाव्या शतकात पडली होती. याला अविचारच म्हटले पाहिजे. त्या गोळ्या सुकल्यावर खराट्याने पसरून दिल्या, की त्यांचेच खत होते.

कोणी म्हणेल, मुलांना खेळण्यासाठी स्वच्छ, आखूड गवत नको काय? ते अवश्य हवे. परंतु त्यासाठी सगळीच हिरवळ कातरण्याचे कारण नाही. एखादा कोपरा न कापता ठेवला, तर तेथे डेझी आणि पांढरा क्लोव्हर फुलतो. क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते आणि जमिनीचा कस वाढतो. मधमाश्यांनाही मध मिळतो. मे महिन्यात गवत कापू नये, असे आवाहन तेथील ‘प्लँटलाइफ’ या संस्थेने २०१९ पासून चालविले आहे, ते योग्यच आहे.

ऋतू आणि गवत बदलले, तरी हा विचार लागू पडतो. महाराष्ट्रातील अनेक हिरवळी हरळीच्या असतात. चैत्र-वैशाखात पाणी न मिळाल्यास हरळी पिवळी पडते. तथापि ती मेलेली नसते. तिची आडवी खोडे जमिनीत जीव धरून असतात आणि पावसाळा येताच पुन्हा कोंब फुटतात. गावात पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना केवळ शोभेसाठी तिच्यावर पाणी ओतणे शहाणपणाचे नव्हे. येथे हिरवळीचा वसंत मृगाच्या सरींबरोबर येतो.

जमिनीला तिचा वेळ द्यावा, तिच्यातील जीवांना त्यांचे काम करू द्यावे आणि मग आपला हात लावावा. अशा रीतीने राखलेली हिरवळ कदाचित थोडी ओबडधोबड दिसेल. पण तिच्यावर मुलेही खेळतील, आणि मधमाश्यांनाही तेथे थारा मिळेल.