थांबा, स्वस्त होईल?

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या!

हॉस्टेलच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवायचा विषय मेसमध्ये निघाला, की कोणीतरी म्हणतंच, "थांबा रे, अजून स्वस्त होतील." मला हे अजिबात पटत नाही.

नुसती वाट बघून काहीच स्वस्त होत नाही. विमानांच्या कारखान्यांचा अभ्यास करून टी. पी. राइट या अमेरिकन इंजिनिअरने 1936 मध्ये दाखवलं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानामागची मजुरी साधारण 20 टक्क्यांनी घटते. हात सरावतात, चुका कमी होतात. पॅनलच्या किमतीही अशाच उतरत गेल्या. जर्मनीने 2000 साली कायदा करून महागडी सौर वीज चढ्या दराने घ्यायला सुरुवात केली. मागणी वाढली, कारखाने वाढले. आपल्याकडे 2010 च्या लिलावात युनिटचा दर सुमारे 12 रुपये होता. 2017 मध्ये राजस्थानात भादला इथे तो 2 रुपये 44 पैशांवर आला. आधी कोणीतरी महाग घेतलं, म्हणून आज आपल्याला स्वस्त मिळतंय. सगळेच थांबले असते तर?

आणखी एक. पॅनल चीनहून येतील, पण ते बसवायचा, वायरिंगचा, बिघाड शोधायचा अनुभव आयात करता येत नाही. तो गच्चीवर चढूनच मिळतो. आपण इंजिनिअर होणार ना? मग चार पॅनल तरी लावूया, चुकूया, शिकूया. व्हायवाला उपयोग होईल तो वेगळाच!