उन्हाची सवय तेथे कामाची नाही

मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत असलेली कुटुंबे आता आपल्या तालुक्याच्या गावांतही पुष्कळ आहेत. नातवंडांना सुटी म्हणून आजी-आजोबा जून-जुलैत तिकडे जातात आणि लास वेगासला पोहोचले की जवळच्या रेड रॉक कॅनियनचा बेत ठरतो. स्थळ खरोखर देखणे आहे. शहराच्या पश्चिमेस सुमारे २७ कि.मी.वर, मोहावी वाळवंटात, लोहाच्या गंजाने तांबडे झालेले वालुकाश्माचे कडे उभे आहेत. त्यांच्यातून पायवाटांनी हिंडायला लोक जातात. माझा आक्षेप स्थळाला नाही, ऋतूला आहे.

"डॉक्टर, आम्हाला उन्हाची सवय आहे," असे उत्तर यावर मिळते. पण उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. घाम येताक्षणीच वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी किती गेले ते कळतच नाही. साठीनंतर तहानेची जाणीवही मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. नुसते पाणी भराभर पिणेही बरे नव्हे. रक्तातील सोडियम घटते. पाणी थोडे थोडे प्यावे, सोबत खायलाही घ्यावे.

चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटताच सावलीत बसावे. बोलणे असंबद्ध झाले, तर उष्माघात समजून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि ९११ ला फोन करावा. मात्र दरीत फोन लागेलच याची खात्री नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, साठी ओलांडलेल्यांनी तेथे पायी हिंडायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर सकाळी लवकर जाऊन १३ मैलांच्या एकेरी रस्त्याने मोटारीतूनच कडे पाहावेत. मुलांनी हौसेने आखलेला बेत मोडताना आई-वडिलांना संकोच वाटतो. "आम्ही गाडीतूनच बघतो," म्हणण्यात कमीपणा कसला? मुलांनीही ओळखावे की, आई-बाबांचे "चालेल" हे पुष्कळदा तुमचे मन राखण्यासाठी असते.

विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना गोळ्या दाखवाव्यात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.