लोखंडी क्रूस आणि घरच्या पेटींतील पदक

संग्रहाची आवड मनुष्यास उपजतच असते. लहान मूल नदीकांठचे रंगीत गोटे जमवितें. शाळेंत जाऊं लागलें म्हणजे पोस्टाचीं तिकिटें व जुनीं नाणीं गोळा करूं लागतें. आणि या छंदापासून त्यास भूगोलाचें व इतिहासाचें जें ज्ञान होतें, तें पुष्कळदां पाठ्यपुस्तकांतील धड्यांहून अधिक टिकाऊ असतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं कांहीं तरी जमवावें, या मताचे आम्ही आहों. जगाच्या बाजारांत ज्या वस्तूंची मोठी देवघेव चालते, त्यांत जुन्या जर्मन लष्करी पदकांचा व क्रुसांचा समावेश होतो, आणि त्यांचें आकर्षण मोठ्या मुलांस वाटणें स्वाभाविक आहे. हा छंद मुलांस वीरश्रीचा वाटतो, कित्येक पालकांस तो पैशाचा अपव्यय वाटतो, तर कित्येकांस त्याचें भय वाटतें. या तिन्ही मतांत थोडथोडें तथ्य आहे. तेव्हां हा छंद कोणत्या अटींवर करावा, आणि त्याआधीं आपल्या घरीं काय पाहावें, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या पदकाचा इतिहास पाहूं. सन ११९० च्या सुमारास पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील एकर शहराच्या वेढ्यांत आजारी व जखमी झालेल्या जर्मन लोकांची शुश्रूषा करण्यासाठीं एक बंधुसंघ निघाला. पुढें या संघानें शस्त्र हातीं घेतलें, प्रशियाचा मुलूख जिंकला, आणि त्याच्या पांढऱ्या झग्यावरील काळा क्रूस कालांतरानें प्रशियाच्या सैन्याचें चिन्ह झाला. रुग्णसेवेच्या खाटेपाशीं जन्मलेलें चिन्ह रणांगणावर जाऊन पोंचलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१० मार्च १८१३ रोजीं प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म यानें ब्रेस्लाउ येथें 'लोखंडी क्रूस' हें पदक स्थापिलें. नेपोलियनशीं युद्ध जुंपण्याचा तो समय होता. राज्याची तिजोरी रिकामी होती, आणि स्त्रियांनीं आपले सोन्याचे दागिने देशकार्यास देऊन त्यांच्या बदली लोखंडाचे दागिने अंगावर घातले. म्हणून लोखंड हाच त्या काळीं मानाचा धातु ठरला. ओतीव लोखंडाचा काळा क्रूस आणि त्यास चांदीची बारीक कोर, एवढेंच या पदकाचें रूप. परंतु सेनापति असो वा साधा शिपाई असो, दोघांसहि तोच क्रूस मिळे. माणसाचा हुद्दा पाहून पदक देण्याच्या त्या दिवसांत ही मोठीच सुधारणा होती. या क्रुसाचें जें खरें वैभव आहे, तें येथें आहे.

पुढें सन १८७० व १९१४ या सालच्या युद्धांत हें पदक पुन्हां सुरू झालें, आणि प्रत्येक वेळीं क्रुसाच्या खालच्या बाहूवर तें तें साल घालण्यांत आलें. पहिल्या महायुद्धांत दुसऱ्या वर्गाचे सुमारे ५० लाख क्रूस वांटले गेले. मान सढळ हातानें वांटूं लागलें म्हणजे त्याचें मोल उतरतें, हें यावरून दिसतें. आणि तो काळचा क्रूस आजहि इतक्या सहज मिळतो, याचें कारणहि हेंच.

सन १९३९ मध्यें हिटलरनें हें पदक चौथ्यांदा सुरू केलें व त्याच्या मध्यभागीं आपल्या पक्षाचें चिन्ह बसविलें. आपल्या उंबरठ्यावर व वह्यांच्या पहिल्या पानावर जें स्वस्तिक आपण काढतों, त्याच्याशीं या चिन्हाची आकृति जुळते. अर्थ मुळींच जुळत नाहीं. आपलें स्वस्तिक घरांत येणाऱ्याचें कल्याण चिंतितें. त्या चिन्हाखालीं लक्षावधि निरपराध ज्यू लोकांचा, त्यांच्या बायकामुलांसह, संहार झाला. स्वतः हिटलर यास सन १९१८ मध्यें पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस मिळाला होता, आणि त्याची शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमान हा ज्यू होता! त्या युद्धांत जर्मनीसाठीं सुमारे १२,००० ज्यू शिपाई मेले. तरी १९३५ सालीं कायद्यानें ज्यू लोकांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें, आणि खुद्द गुटमान यास देश सोडून अमेरिकेंत आश्रय घ्यावा लागला. छातीवरचा क्रूस त्याच्या उपयोगीं पडला नाहीं. एकच पदक शौर्याचें आणि कृतघ्नतेचेंहि साक्षीदार कसें होतें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें तें अवश्य अभ्यासावें. परंतु मिरविण्यासाठीं तें कोणींहि घेऊं नये. सन १९५७ च्या कायद्यानें पश्चिम जर्मनीनें आपल्या जुन्या सैनिकांस तीं पदकें नाझी चिन्ह काढूनच लावण्याची मुभा दिली; आणि शिक्षण, संशोधन व कला यांच्या कामाखेरीज तें चिन्ह जाहीरपणें दाखविणें हा त्या देशांत आजहि गुन्हा आहे. जें चिन्ह जर्मन लोक स्वतःच्या छातीवर सहन करीत नाहींत, तें आमच्या मुलांनीं सदऱ्यावर लावून हिंडावें, हें आम्हांस लज्जास्पद वाटतें. पेटींत, टिपणासह, इतिहासाचा पुरावा म्हणून ठेवणें निराळें. भिंतीवर शोभेसाठीं टांगणें निराळें.

आतां कोणी विचारील कीं, बीड जिल्ह्यांतील मुलांचा या जर्मन पदकांशीं संबंध काय? संबंध आहे. आपल्या अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, हैद्राबाद काँटिंजंटच्या घोडदळाचें ठाणें होतें. सन १९०३ मध्यें ती फौज हिंदी सैन्यांत सामील करण्यांत आली. तिच्याच एका रिसाल्यापासून झालेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर हाय वुड नांवाच्या राईजवळ जर्मन फौजेवर घोडे घातले. २३ सप्टेंबर १९१८ रोजीं पॅलेस्टाइनमधील हैफा शहर जोधपूर व म्हैसूर येथील भालाईतांनीं जिंकलें. त्याच ब्रिगेडमध्यें निजामाच्या राज्याचे, म्हणजे बीड ज्या राज्यांत होतें त्याचे, घोडेस्वार होते. दिल्लीची 'तीन मूर्ति' याच तीन संस्थानांच्या स्वारांचें स्मारक आहे. आणि हैफाच्या उपसागरापलीकडे जें शहर दिसतें, तें एकर; जेथें काळ्या क्रुसाचा तो बंधुसंघ निघाला, तेंच.

दुसऱ्या महायुद्धांत तर जर्मनांशीं मराठ्यांची गांठ इटलींत प्रत्यक्ष पडली. कुलाबा, आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सर्व सोबती १० जुलै १९४४ रोजीं ठार अथवा जखमी झाले. तेव्हां ते एकटे जर्मन मशीनगनवर धांवून गेले, काडतुसें बदलण्यास वेळ नाहीं असें पाहून बंदुकीच्याच तडाख्यानें शेवटच्या दोघांस त्यांनीं लोळविलें, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले. आपल्या शेजारच्या नगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर सुरुंगांनीं भरलेल्या जमिनींतून दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक वाहून आणलें, आणि हातास गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें तरी हातबॉम्ब फेंकून शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रूस मिळाला. घाडग्यांचा त्यांच्या मरणानंतर. ज्या सैन्यांत लोखंडी क्रूस वांटले जात होते, त्याच्यासमोर हे दोघे मराठी तरुण उभे होते. जर्मन क्रूस हातीं धरणाऱ्या आमच्या मुलास हीं दोन नांवें ठाऊक नसतील, तर त्याचा संग्रह अपुरा आहे, असें आम्ही म्हणूं.

येथें एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. लोखंडी क्रुसावर तो मिळविणाऱ्याचें नांव घालण्याचा सरकारी प्रघात नव्हता. फार तर कडीवर बनविणाऱ्या कारखान्याची खूण आढळते. त्यामुळें बाजारांत विकत घेतलेला क्रूस कोणाच्या छातीवर होता, हें कागदपत्रांवांचून कळत नाहीं. उलट सन १९१४–१८ च्या युद्धाबद्दल हिंदी शिपायांस जीं पदकें मिळालीं, त्यांच्या कडेवर प्रत्येकाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं कोरलेलीं आहेत. या नांवाचें मोल किती, हें बसऱ्याच्या स्मारकावरून समजतें. मेसोपोटेमियांत मेलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनस्थान ठाऊक नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक वीरांचें तें स्मारक. आमच्या १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी त्याच मुलखांत कूतच्या वेढ्यांत उपाशी राहून लढल्या. परंतु त्या स्मारकाच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांचीं तेवढीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या घातली. ज्या शिपायाचें नांव दगडानें वगळलें, त्याचें नांव कोणत्या तरी खेड्यांतील जुन्या पेटींत, रुपयाहून थोड्या मोठ्या चांदीच्या चकतीच्या कडेवर, बारीक अक्षरांत असूं शकेल!

आणि त्या चकतीचें आपण काय करतों? पुष्कळ घरीं ती पोरांच्या खेळण्यांत जाते. कोठें अडचणीच्या वेळीं सोनाराच्या मुशींत जाते. सन १९८० च्या सुमारास चांदीचा भाव एकाएकीं चढला, तेव्हां जगभर अशीं कितीतरी पदकें वितळलीं गेलीं. दुष्काळी मुलखांतील कुटुंबानें पोटासाठीं चांदी मोडली, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु मोडण्यापूर्वीं कडेवरील नांव कोणी उतरून घेतलें असतें, तर चांदी गेली तरी माणूस राहिला असता. हें काम शाळेंत शिकणाऱ्या मुलाचें आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमच्या कांहीं सूचना आहेत. प्रथम आपल्या घरची, मग गल्लीची, मग गांवची पेटी पाहावी. पहिल्या महायुद्धाचेंच पदक असलें पाहिजे असें नाहीं. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत लढलेल्या सैनिकांचीं पदकेंहि तितकींच आदरणीय आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक आजोबा आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगूं शकतील. कडेवरील अक्षरें जशींच्या तशीं लिहून घ्यावीं. पदक चिंचेनें वा राखेनें घासूं नये, कारण घासण्यानें आधीं अक्षरें झिजतात. फीत फाटकी असली तरी टाकूं नये. पलटणीविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास पत्र लिहावें. तसेंच सन १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षें झालेली ऐतिहासिक वस्तु परदेशीं पाठविण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें; गोड बोलून आजोबांचें पदक मागणाऱ्या व्यापाऱ्यास घरांतून कांहीं देऊं नये.

यानंतर ज्यास जर्मन क्रूस जमवावयाचाच असेल, त्यानें खुशाल जमवावा. पण डोळे उघडे ठेवून. अस्सल क्रूस बहुधा तीन तुकड्यांचा असतो: लोखंडी गाभा, आणि त्यास दोहों बाजूंनीं धरणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी. भिंगाखालीं चौकटीचा सांधा दिसतो, आणि गाभ्यास बहुधा लोहचुंबक ओढतो. परंतु नक्कल करणाऱ्यांसहि हें ठाऊक असतें, आणि १९३९ च्या क्रुसांच्या नकला तर अमाप आहेत. म्हणून जाणत्याचा सल्ला घेतल्यावांचून एक पैहि खर्चूं नये.

लढाईचीं चिन्हें जमविल्यानें मुलें लढाईखोर होतील, अशी भीति कित्येक पालक बाळगतात. आमच्या मतें ती भीति पदकाविषयीं बाळगण्यापेक्षां अज्ञानाविषयीं बाळगावी. गुटमानची हकीकत ज्यास ठाऊक आहे, तो मुलगा क्रूस पाहून नुसता फुशारणार नाहीं. आणि नामदेव जाधवांची कथा ज्यानें ऐकली आहे, त्यास हेंहि कळेल कीं, त्या दिवशीं त्यांनीं सर्वांत आधीं जखमी सोबत्यांस पाठीवर घेतलें. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवांतील एका तरी सैनिकाचें नांव, नंबर व पलटण वहींत उतरून आणावी, आणि पालकांनीं त्यासाठीं घरची पेटी उघडून द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.