मताला जागा लागते

आपल्या वयाच्या मुलामुलींकडे मतांची कमतरता नाही. निवडणूक, आरक्षण, एखादं गाजलेलं पुस्तक, काल रात्री वाहिनीवर झालेली चर्चा, या सगळ्यावर आपण दिवसभर बोलत असतो. बोललंच पाहिजे. गप्प बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे आपल्या समाजानं पुरेसं अनुभवलं आहे. पण मत मांडलं की आपलं काम संपलं, अशी एक सवय आपल्याला लागली आहे. आज मला त्या सवयीबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी लागणारं उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

२० मार्च २०२७ ही महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी. शाळेत आपण हा सत्याग्रह दोन-चार ओळींत शिकलो. त्याची हकीगत जरा सविस्तर पाहू.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळानं सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण तळ्यावर जायची सोय काही झाली नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वापरकर्त्याला परवानगी दिल्याची नोंद सिस्टीममध्ये आहे, पण त्याला आत जाताच येत नाही, असं झालं तर आम्ही त्याला बिघाड म्हणतो आणि तो दुरुस्त होईपर्यंत तक्रार बंद करत नाही. महाडचा बिघाड तीन वर्षं तसाच राहिला.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परतली. त्यानंतर गावात बातमी पसरली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. बातमी साफ खोटी होती. तिच्या जोरावर जमाव मंडपात घुसला आणि जेवणाऱ्यांना, घरी निघालेल्यांना मारहाण झाली. जीव वाचवायला काही जण मुसलमानांच्या घरांत शिरले. त्या घरांनी त्यांना आसरा दिला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपासाठी गावात जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या स्थानिक मुसलमानानं आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुसलमानांना चवदार तळ्यावर पाणी भरायला बंदी नव्हती. म्हणजे फत्तेखान यांचं स्वतःचं काहीच अडलं नव्हतं. उलट गावातल्या वजनदार मंडळींशी वाकडं घेण्याचा धोका होता. आज आपण त्यांचं नाव घेतो ते त्यांनी जमीन दिली म्हणून. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण घरांतले लोकही या लढ्यात होते. त्यामुळे ही ‘आपण चांगले, ते वाईट’ अशी गोष्ट नाही. ज्यांचं अडलं नव्हतं त्यांच्यापैकी काही जणांनी आपल्याकडचं काहीतरी पणाला लावलं, अशी ती गोष्ट आहे.

आता अफवेकडे येऊ. त्या खोट्या बातमीला बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं? त्या दिवशी त्यांनी आपल्या लोकांना शांत ठेवलं. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. त्यातला बराचसा मजकूर ते स्वतः लिहीत. तळ्याचा वाद न्यायालयात गेला तेव्हा तोही ते लढले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ रोजी. अफवा पसरायला काही तास लागले, तळ्याच्या हक्काचा निकाल लागायला दहा वर्षं.

आज अफवेला तेवढे तासही लागत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागायला आले होते. पुढे २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या नावानं वाहिन्यांनी जे केलं ते आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांच्या अपप्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. हा निकाल आपण एकमेकांना भरपूर पाठवला, आणि ते योग्यच होतं. पण राईनपाड्याच्या बातमीवर आपल्या किती ग्रुपांत चर्चा झाली? अफवा डवरी गोसाव्यांना मारते तेव्हाही ती आपलीच अफवा असते. तीच यंत्रणा, तोच मोबाईल, पुढे ढकलणारा तोच अंगठा.

बातमी आली की आधी शहानिशा करा, ही शिकवण आपल्याला सूरह अल-हुजुरातमध्येच मिळाली आहे. ती शत्रूच्या बातमीला जेवढी लागू आहे तेवढीच आपल्या बाजूच्या बातमीलाही. आपल्या मनासारखा व्हिडिओ आला की तारीख आणि ठिकाण न बघता पुढे पाठवणारे आपल्यातही कमी नाहीत.

आणि न्यायाचं काय? आपल्यावर अन्याय झाला की आपण संविधानाचं कलम सांगतो. पण आपल्याच किनाऱ्यावर, आंब्याच्या बागांत आणि वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकऱ्यांना जातीच्या दाखल्यासाठी, घराखालच्या जागेसाठी हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा त्यांच्यासोबत तहसीलला जायला आपल्यातलं कोण असतं? अर्ज भरता येणारी, इंग्रजी पत्र वाचता येणारी मुलं तर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. घरातही बघा. सोयरीक ठरवताना ‘ते दालदी आहेत’ असं हळू आवाजात म्हटलं जातं, तेव्हा समतेवरची आपली सगळी मतं बाहेर चपलांपाशी राहतात. मच्छी त्यांची चालते, मग मुलगी का चालू नये, हा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांना अदबीनं, पण स्पष्ट विचारण्याची जबाबदारी आपल्या पिढीची आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शताब्दीला महाडला गर्दी होईलच, भाषणंही होतील. त्याआधी आनंद तेलतुंबडे यांचं महाडवरचं पुस्तक चार जणांनी मिळून वाचावं. ग्रुपवर येणारी एखादी तरी बातमी दर आठवड्याला तपासून, खरी की खोटी ते स्वतःच्या नावानं लिहावं. आणि आपल्या जमातीचा हॉल, जो लग्नं सोडून एरवी बंदच असतो, तो महिन्यातून एक दिवस कातकरी वाडीच्या बैठकीला, कागदपत्रांच्या शिबिराला, आसपासच्या कुठल्याही वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासाला उघडून द्यावा. जमातीत विरोध होईल. ‘आपल्याला काय गरज?’ असं विचारलं जाईल. असा प्रश्न करणारे १९२७ च्या महाडमध्येही असणारच. तरी मंडपाला जागा मिळाली.

हॉलची किल्ली कुणाकडे असते, ते या जुम्म्याला विचारून घ्या.