श्रुतींचे हिशेबनीस

पेटी योग्य की अयोग्य, हा वाद आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षे चालला आहे. १९४० साली रेडिओने पेटीस दार बंद केले, १९७१ साली ते किलकिले झाले. वाद मात्र होता तेथेच आहे. इतका लांबलेल्या वादात बहुधा प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो, असे आम्हास वाटते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचे गणित ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे क्लेमंट्स साहेबांच्या साह्याने श्रुति-हार्मोनियमही सिद्ध झाले. त्या उद्योगाविषयी आम्हास आदरच आहे. परंतु त्यामागून जो हिशेबनिसांचा पंथ निघाला, त्याने स्वर म्हणजे केवळ अपूर्णांक, असा समज सुशिक्षित घरांत रुजविला. हा समज अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

एक हिशेब आम्हीही करून दाखवितो. षड्जाची आंदोलने सेकंदास २४० धरली, तर शुद्ध गांधार ३०० वर येतो. समविभागी पेटीचा गांधार सुमारे ३०२.४ वर. एवढ्याशा फरकाने काय बिघडते? बिघडते ते मूळ स्वरांत नव्हे, त्यांच्या उपस्वरांत. मूळ स्वरास पहिला धरल्यास षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० आणि पेटीच्या गांधाराचा चौथा सुमारे १२०९.५ होतो. या दोहोंच्या झटापटीत सेकंदास नऊ-दहा वेळा थरथर उत्पन्न होते. पेटीच्या पत्तीचा नाद उपस्वरांनी भरलेला आणि भात्याच्या जोरावर स्थिर. म्हणून ती थरथर कानास टोचते. गळ्यामागून धावताना पेटी खपून जाते. एका जागी उभी राहिली की उघडी पडते. हेच दोन स्वर उपस्वरविरहित नादात वाजवावे, तो ही थरथर नाहीशी! अपूर्णांक तोच, दोष मात्र गेला. मग दोष अपूर्णांकाचा की नादाच्या जातीचा? दोहोंच्या संबंधाचा, असे आमचे उत्तर आहे. हेल्महोल्ट्झ याने १८६३ सालीच या उत्तराचा पाया घातला होता.

तंबोऱ्यास आम्ही श्रेष्ठ म्हणतो, ते परंपरेच्या भक्तीने नव्हे. घोडीच्या वक्र पृष्ठावर तारेखाली दोरा सरकवून जवारी लागली, की उपस्वर खुलतात. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटतो आणि गायकास त्याची जागा दाखवितो. रामन यांनी १९२१ साली या घोडीचे मर्म शास्त्रीय रीतीने तपासले. येथे श्रुती कोष्टकातून येत नाही, नादाच्या पोटातून येते.

कोणी म्हणेल, 'म्हणजे शुद्ध अपूर्णांक हेच अंतिम सत्य ठरले.' तेही नाही. जावा बेटातील गामेलान वाद्यवृंदात धातूच्या पट्ट्या व घंटा वाजतात. त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. म्हणून तेथील स्लेंद्रो व पेलोग ही सप्तके आमच्या कोष्टकात बसत नाहीत, तरी त्या नादात शोभतात. अमेरिकेतील विल्यम सेथारेस यांनी तर १९९८ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, कृत्रिम नादाचे उपस्वर तसे जुळविल्यास दुपटीऐवजी २.१ पटीचे 'सप्तक' सुसंवादी वाटते, आणि खरे सप्तकच त्या नादात बेसूर!

आज संगणकावर सूक्ष्मस्वरांची रचना करणारे तरुण बावीस श्रुतींचे कोष्टक हाती येईल त्या तयार नादावर लादतात, आणि रचना निर्जीव का वाटते म्हणून चकित होतात. त्यांनी आधी नाद निवडावा आणि त्यालाच श्रुती विचाराव्यात. घरोघरच्या पालकांसही आमचे सांगणे एवढेच, की मुलाच्या हाती पट्ट्या देण्यापूर्वी त्यास वर्षभर जवारीदार तंबोऱ्यापाशी बसवावे. कोष्टक पुढे केव्हाही पाठ होईल; बिघडलेला कान सुधारणे मात्र सोपे नाही.