स्टीअरिंग अडखळू लागते तेव्हा

मोटारीचे इंजिन बिघडले तर गाडी थांबते. वेळ जातो, पैसा जातो, पण माणूस सहसा सुखरूप राहतो. स्टीअरिंगची गोष्ट निराळी आहे. त्यातील दोष गाडी धावत असतानाच जाणवतो आणि बहुधा इतक्या हळूहळू वाढतो की चालकाला त्याची सवय होऊन जाते. आधी चक्र थोडे जड लागते. पुढे वळण संपल्यावर ते आपोआप सरळ येईनासे होते. अखेरीस सरळ रस्त्यावरही ते मध्येच चिकटल्यासारखे वाटते. हात सरावलेला असल्याने घरातील नेहमीच्या चालकाला काही वावगे दिसत नाही. गाडी एखाद्या दिवशी मुलाने किंवा सुनेने चालवायला घेतली, की तिच्या पहिल्याच वळणावर ते ध्यानात येते.

यवतमाळ जिल्ह्यातील गाड्यांना दोन प्रकारचे रस्ते रोज भेटतात. यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग किंवा पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ यांवर गाडी तासन्‌तास सरळ व वेगाने धावते. तेथून खेड्याकडे वळले की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा आणि वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ. पहिल्या रस्त्यावर स्टीअरिंगचा दोष धोकादायक ठरतो आणि दुसऱ्या रस्त्यावर तो निर्माण होतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

धोका कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे. सरळ रस्त्यावरही चालकाचे हात स्थिर नसतात. ते चक्राला सतत अगदी सूक्ष्म दिशा देत असतात. चक्र मध्यभागी चिकटत असेल, तर तेवढा हलका दाब पुरत नाही. चालक जोर थोडा वाढवतो, चक्र एकदम सुटते आणि गाडी हवी त्यापेक्षा अधिक सरकते. मग ती परत आणण्यासाठी उलट जोर. शेजारून मालमोटार जात असेल तर हे वीतभर सरकणेही पुरेसे असते.

स्टीअरिंगची रचना फार गूढ नाही. चक्राखालील दांडा सांध्यांच्या साहाय्याने खाली जातो व एका लहान दंतचक्राला फिरवतो. हे दंतचक्र दाते असलेल्या आडव्या पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. या पट्टीला रॅक म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टायरॉड पुढची चाके वळवतात. हे श्रम हलके करण्यासाठी पॉवर स्टीअरिंग आले. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० च्या दशकात ही यंत्रणा तयार केली. १९५१ मध्ये क्रायस्लरच्या मोटारीतून ती ग्राहकापर्यंत पोहोचली. तीत तेलाचा दाब काम करी. विजेच्या मोटरवर चालणारी यंत्रणा १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडीत आली. आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत हीच विजेची यंत्रणा असते.

या साखळीतील कोणताही एक दुवा आखडला की चक्र चिकटते. म्हणूनच केवळ लक्षण ऐकून महागडा भाग बदलण्याचा सल्ला देणारा मिस्त्री आणि तो मुकाट्याने मान्य करणारा मालक, दोघेही घाई करतात.

अमेरिकेतील अलीकडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. होंडा कंपनीच्या २०२२ नंतरच्या काही मोटारींबाबत मालकांनी तक्रारी केल्या की महामार्गावर सरळ जाताना स्टीअरिंग चिकटते. तेथील रस्ते सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने सुमारे १७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष निघाला स्टीअरिंगच्या गिअरबॉक्समधील एका दंतचक्रात. त्यामुळे आतील घर्षण वाढत होते. उपाय होता एक स्प्रिंग बदलणे व ग्रीस नीट पसरवणे किंवा वाढवणे, तोही विनामूल्य. एवढ्या मोठ्या दोषाचे परिमार्जन इतक्या लहान दुरुस्तीने झाले. पण त्यासाठी सामान्य मालकांनी आपली तक्रार नेमकेपणाने नोंदवणे आवश्यक होते.

गॅरेज गाठण्यापूर्वी काही गोष्टी घरीच पाहता येतात. पहिली म्हणजे टायरमधील हवा. सकाळी टायर थंड असताना ती मोजावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर निरोगी स्टीअरिंगही जड लागते. दुसरी गोष्ट, इंजिन सुरू असताना फलकावरील स्टीअरिंगचा दिवा जळत राहतो का. तो जळत असेल तर दोष विजेच्या भागात असण्याचा संभव मोठा. अशक्त बॅटरीमुळेही मदत कमी होते. गाडी तेलाच्या यंत्रणेची असेल तर तेलाची पातळी, त्याचा रंग आणि चक्र वळवताना पट्टा किंचाळतो का, हे पाहावे. आणि चावीच फिरत नसेल, चक्रही हलत नसेल, तर घाबरू नये. तो बिघाड नसून चोरीपासून बचाव करणारे कुलूप असते; चक्र हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली की ते सुटते.

त्यानंतर आपले निरीक्षण कागदावर लिहावे. चक्र उभ्या गाडीत जड लागते की धावताना? केवळ मध्यभागी चिकटते की सगळीकडे? वळणानंतर परत येत नाही का? थंड असताना त्रास होतो की तासभर चालल्यावर? खड्ड्यातून गेल्यावर सुरू झाला का? "स्टीअरिंग टाईट आहे" या तीन शब्दांपेक्षा ही पाच उत्तरे मिस्त्रीला कितीतरी अधिक सांगतात.

जाणता मिस्त्री दोष शोधताना साखळीचे तुकडे करतो. प्रथम गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलून चक्र फिरवून पाहतो. मग दोन्ही टायरॉडची टोके सोडवतो. आता चक्र सहज फिरू लागले, तर दोष चाकांच्या बाजूला आहे: बॉल जॉइंट आखडला असेल किंवा शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग कोरडे पडले असेल. तरीही चक्र जडच राहिले, तर दांडा रॅकपासून वेगळा केला जातो. एकटा दांडा अडखळत असेल तर त्याचा सांधा गंजला आहे किंवा वरच्या यंत्रणेत दोष आहे. तो मोकळा असेल तर दोष रॅकमध्ये. या वेळी चक्र मोकळे फिरू न देता बांधून ठेवणे महत्त्वाचे, नाहीतर एअरबॅगला जोडणारी नाजूक तार तुटते. ही तपासणी न करता "पूर्ण रॅक बदला" असे कोणी म्हणत असेल, तर थोडे थांबून कारण विचारण्याचा मालकास हक्क आहे.

आपल्याकडे रॅक खराब होण्याची वाट बहुधा एका स्वस्त वस्तूतून जाते. रॅकच्या टोकांना घडीचे रबरी आवरण असते. त्याला बूट म्हणतात. उन्हाने व वयाने ते तडकते. त्या फटीतून चिखल व धूळ आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी धातूला घासू लागते. बुटाचा खर्च किरकोळ, रॅकचा भारी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर गाडी उचलून ही आवरणे पाहण्यास काही मिनिटे लागतात. गंजलेल्या सांध्यावर फवारणीचे पातळ तेल मारले की चक्र तात्काळ हलके होते हे खरे. पण ते तेल उरलेले ग्रीसही धुऊन नेते व काही दिवसांत त्रास दुप्पट होतो. असा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच समजावा.

दुरुस्तीचा व्यवहारही चोख असावा. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, बदललेला जुना भाग पाहण्यास मागावा, नव्या भागाची हमी बिलावर लिहून घ्यावी. टायरॉड किंवा रॅकचे काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करणे अनिवार्य आहे. ते न केल्यास गाडी एका बाजूला ओढते व टायर झिजतात. विम्यावर मात्र विसंबू नये. मोटारीचा साधारण विमा अपघाताच्या हानीसाठी असतो, झिजेमुळे झालेल्या बिघाडासाठी नव्हे.

दोष मुळातूनच असेल तर खर्च मालकाचा नसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांत सुरक्षेला बाधक दोष असल्याच्या पुरेशा तक्रारी आल्या, तर शासन उत्पादकाला गाड्या परत बोलावण्यास भाग पाडू शकते. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. म्हणजे एकेका मालकाच्या लेखी तक्रारीस येथे मोल आहे. उत्पादक स्वतःहूनही असे करतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने टायरॉडच्या संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो व ईको या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टीअरिंग गिअरबॉक्ससाठी २,५५५ ऑल्टो के-१० बोलावल्या. आपल्या गाडीचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की ती अशा यादीत आहे का, हे कळते. गाडी जुनी विकत घेतलेली असेल तर हे अवश्य करावे, कारण कंपनीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग खुले आहेत.

एक प्रश्न मात्र कायद्यापेक्षा आपल्या विवेकाचा आहे. स्टीअरिंग अडखळते हे ठाऊक असताना गाडी धुऊन-पुसून विकली जाते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. खरेदीदार गावाभोवती एक चक्कर मारतो. दोष दिसतो तो महामार्गावर, तासाभराने, कुटुंब मागे बसलेले असताना. काही हजारांची दुरुस्ती टाळून मिळवलेला नफा कोणत्याही हिशेबवहीत जमेच्या बाजूला मांडता येणार नाही. दोष दुरुस्त करून विकावे, नाहीतर तो सांगून किंमत कमी घ्यावी. तिसरा मार्ग नाही.

तोवर, दोष जाणवताच लांबचा प्रवास पुढे ढकलावा, वेग कमी ठेवावा आणि उतारावर इंजिन कधीही बंद करू नये, कारण इंजिनासोबत पॉवर स्टीअरिंगची मदतही जाते. लग्नाचा मुहूर्त किंवा बाजाराचा दिवस भाड्याच्या गाडीनेही गाठता येतो.