विश्लेषण : सरकारी रोखे घेणे सोपे, विकणे अवघड का?

रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेमुळे १२ नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य बचतदारालाही किमान १० हजार रुपयांत थेट केंद्र सरकारचे रोखे घेता येतात. मुद्दल बुडण्याची भीती जवळपास नाही. पण मुदतीआधी पैशांची गरज पडली, तर?

तरलता म्हणजे काय?
रोखा हवा तेव्हा, बाजारभावाने, फारशी घट न सोसता विकता येणे म्हणजे तरलता. खरेदीदार कमी असतील, तर विकणाऱ्याला मिळेल त्या भावात रोखा द्यावा लागतो. त्यात व्याजदर वाढलेले असतील, तर जुन्या रोख्याचा भाव आधीच उतरलेला असतो.

अडते कुठे?
बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीही मोठे खरेदीदार. त्यातले बरेचसे रोखे मुदत संपेपर्यंत तिजोरीतच राहतात. उरलेली उलाढाल दहा वर्षे मुदतीच्या आणि आणखी मोजक्या रोख्यांत एकवटते. महाराष्ट्रासह सर्व राज्यांच्या रोख्यांत तर व्यवहार आणखी तुरळक.

आजवर काय झाले?
२००५ मध्ये व्यवहारांसाठी ‘एनडीएस-ओएम’ ही संगणकीय यंत्रणा आली. नवे रोखे काढण्याऐवजी जुनेच पुन्हा विकून एकेका रोख्याचा साठा वाढवला गेला. २०२० मध्ये ठरावीक रोखे परदेशी गुंतवणूकदारांना मर्यादेविना खुले झाले. जून २०२४ पासून ‘जेपी मॉर्गन’च्या निर्देशांकात त्यांचा समावेश झाला. छोट्या गुंतवणूकदारांना भाव मिळावा म्हणून जानेवारी २०२२ मध्ये प्राथमिक विक्रेत्यांवर खरेदी-विक्रीचे भाव देण्याची जबाबदारीही टाकली गेली.

सामान्यांना फरक काय?
विकण्याची खात्री नसलेल्या रोख्यावर गुंतवणूकदार जादा व्याज मागतो. ते अखेर करदात्याच्या खिशातून जाते. कंपन्यांच्या कर्जाचे दरही सरकारी रोख्यांच्या परताव्यावरून ठरतात. परदेशी पैसा उलाढाल वाढवतो, पण जागतिक संकटात तोच आधी बाहेर पडतो. म्हणून देशांतर्गत खरेदीदारांची विविधता महत्त्वाची. राज्यांनीही दरवेळी नवा रोखा काढण्यापेक्षा मोजके, मोठे रोखे ठेवावेत. लिलावात रोखे खपतात, हे पुरेसे नाही. दहा हजारांचा रोखाही रास्त भावात विकता आला, तरच सामान्यांसाठी बाजार खुला झाला असे म्हणता येईल.